पट्टी कागदावर असताना

बाईंचं काम मोठ्याने वाचण्याचं होतं, पण ते वाचन ऐकून कुणाला काही कळलं असेल तर शपथ. छापखान्याच्या मागच्या खोलीत एका जुन्या टेबलाच्या अलीकडे बाई आणि पलीकडे मास्तर, अशी ती जोडी सव्वीस वर्षं बसत होती. बाईंच्या पुढ्यात लेखकाच्या हातची मूळ प्रत, मास्तरांच्या पुढ्यात तिचं ओल्या शाईचा वास मारणारं प्रूफ. बाई वाचत, मास्तर ऐकता ऐकता प्रुफावर बोट फिरवत, आणि जुळाऱ्याने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवताना जिथे चूक केली असेल तिथे समासात खूण करत. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. "तो म्हणाला स्वल्प अवतरण उघडं मी येणार नाही पूर्ण अवतरण बंद नवा परिच्छेद." ऱ्हस्व-दीर्घासाठी बाई शब्दही वाया घालवत नसत. ऱ्हस्वाला पेन्सिलीची एक टिचकी, दीर्घाला दोन. नवखा माणूस बाहेरून गेला तर त्याला वाटावं, आत कोणीतरी तापात बडबडतंय आणि दुसरं कोणीतरी दार वाजवतंय.

आवाज सपाट ठेवायचा, हा त्या कामाचा पहिला नियम. माणूस अर्थात शिरला की डोळा पुढे पळतो आणि न लिहिलेलंही वाचून जातो. खुनाचे खटले, पाणीपुरवठ्याचे अहवाल, नवरा-बायकोची पत्रं, लहान मुलांच्या गोष्टी, सगळं बाईंनी एकाच सुरात वाचलं होतं. छापखान्यात थट्टा चाले, की बाईंच्या हातात कोणी 'तुमच्या घराला आग लागली आहे' अशी चिठ्ठी दिली तर त्या आधी 'पूर्ण' म्हणतील आणि मग उठतील.

दुसरा नियम पट्टीचा. तो मास्तरांनी घातलेला. बाईंकडे दोन बोटं रुंद अशी पितळी पट्टी होती. वाचायच्या ओळीखाली ती ठेवली की खालची ओळ झाकली जाई. त्या पट्टीचा कायदा असा, की ती कागदावर असताना बाईंच्या तोंडून निघेल तो शब्द लेखकाचा. खोकला आला, तहान लागली, मास्तरांना काही विचारायचं असलं, तर आधी पट्टी उचलायची, मग तोंड उघडायचं. या कायद्याच्या भरवशावर मास्तरांनी सव्वीस वर्षांत मूळ प्रतीत एकदाही मान वाकवून पाहिलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती.

बाई त्या खुर्चीवर आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. थोरली बहीण नुकतीच गेली होती आणि तिची चार वर्षांची मुलगी मेहुण्याने 'थोडे दिवस' म्हणून बाईंकडे आणून सोडली होती. ते थोडे दिवस काही संपले नाहीत. मेहुण्याने दुसरा संसार थाटल्याचं पुढे कानावर आलं. बाईंचं स्वतःचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा चांगला होता, शांत होता. भाची बरोबर येईल म्हटल्यावर तो आणखी शांत झाला आणि मग त्याच्या घरून निरोप आला. निरोप आणणाऱ्याला बाईंनी चहा पाजला. त्या दिवसाबद्दल त्या जन्मात एवढंच बोलल्या, की चहात साखर जास्त पडली होती.

वाचण्याच्या पगारात दोघींचं पोट भरत होतं आणि तिथेच तो पगार संपत होता. भाची सात वर्षांची झाली त्या साली दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. ती तापाने फणफणली, आणि ज्या खोलीत त्या राहत तिच्या मालकाने खोली रिकामी करायला सांगितली. त्याच आठवड्यात कागदवाल्यांनी विचारलं.

कागदवाले म्हणजे छापखान्याला कागद पुरवणारे व्यापारी. पन्नाशीचे, अंगाने भरलेले. कागदाचा कोपरा दोन बोटांत घासून तो किती जाड ते डोळे मिटून सांगत. बायको आणि दोन मुलगे दुसऱ्या गावी, इथे नुसतं गोदाम. त्यांनी जे विचारलं ते सभ्यपणे विचारलं, हे बाई त्यांच्याबद्दल शेवटपर्यंत कबूल करत.

आता इथे दोन-चार गोष्टी गाळल्या तर बाई बिचाऱ्या ठरतील, आणि ऐकणाऱ्याला तेच आवडेल. पण बाई बिचाऱ्या नव्हत्या. त्यांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी अटी सांगितल्या. गोदामावरच्या दोन खोल्या, भाड्याने नाही, नावावर. भाचीची फी. आणि ते येतील तेव्हा भाची घरात असणार नाही. कागदवाले हसले होते. "बाई, तुम्ही कागदाच्या धंद्यात यायला हवं होतं," असं म्हणून त्यांनी सही केली होती.

पुढे अकरा वर्षं, दर गुरुवारी दुपारी. गुरुवारी छापखाना अर्धा दिवस बंद असे आणि भाचीची शाळा पाचला सुटे. प्रेम होतं का? बाईंनी स्वतःला हे फार वेळा विचारलं नाही. सवय तर होतीच. कधी कधी कागदवाले येत आणि नुसते झोपून जात, आणि बाई शेजारी बसून भाचीच्या फ्रॉकला बटणं लावत. लोकांना माहीत नव्हतं असं नाही. जिन्यात बाई दिसल्या की शेजारणींचं बोलणं तुटे आणि त्या वर पोचल्या की पुन्हा जुळे. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाचीला मात्र काही कळू द्यायचं नाही, एवढ्यासाठी त्या डोळ्यांत तेल घालून जपत. गुरुवारचे कप त्या दोनदा विसळत.

कागदवाले गेले ते अचानक, दुसऱ्या गावी, आपल्या माणसांत. बाईंना कोणी कळवलं नाही, कोण कळवणार? कळलं ते टेबलावर. दुखवट्याच्या पत्राचं प्रूफ आलं होतं, काळ्या चौकटीचं. बाईंनी पट्टी ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. त्यांचं नाव, वय, तारीख, मागे पत्नी स्वल्प दोन पुत्र स्वल्प सुना स्वल्प असा परिवार. मास्तरांना सगळं ठाऊक होतं, सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं. मास्तर थांबले आणि हळूच म्हणाले, "बाई, पाणी देऊ?"

"पट्टी कागदावर आहे, मास्तर," बाई म्हणाल्या, आणि पुढचा स्वल्पविराम वाचला.

पट्टी कागदावर असताना बाईंनी स्वतःचं वाक्य बोलण्याची ती पहिली वेळ. मास्तरांनी ते प्रुफात घातलं नाही, एवढंच.

भाची हुशार निघाली. हुशार आणि काटकसरी, असं बाई कौतुकाने सांगत. चौदाव्या वर्षी शाळेसाठी नवे बूट आणले तर पोरीने ते एक दिवस वापरले आणि पुन्हा पायात घातले नाहीत. "आहेत ते चालतील," म्हणाली. जुने बूट बोटांना चावत होते, तरी वर्षभर तेच घातले. मग नवा फ्रॉक नको, नवं दप्तर नको. एवढ्याशा मुलीला परिस्थितीची केवढी जाण, म्हणून बाईंचा ऊर भरून येई. कागदवाले गेल्यावर बाईंनी पुढची खोली भाड्याने दिली आणि स्वतः मागच्या खोलीत सरकल्या. त्या भाड्यावर भाचीचं कॉलेज झालं, त्यापुढचंही झालं. तिसाव्या वर्षी ती कॉलेजात शिकवत होती, वेगळ्या वस्तीत स्वतःच्या खोलीत राहत होती आणि रविवारी मावशीकडे जेवायला येत होती.

तिने पुस्तक लिहिलं ते एका जुन्या गाजलेल्या कादंबरीच्या नायिकेवर. पुस्तकाचं नाव होतं 'अनीती आणि अर्थलाभ'. ती कादंबरी तीन पिढ्यांनी वाचलेली. होडीवाल्याची मुलगी, ठरलेला साधा मुलगा सोडून एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या आश्रयाला जाते, घर मिळवते, दागिने मिळवते, आणि शेवटच्या प्रकरणात कादंबरीकार तिचं घर जाळून तिला रस्त्यावर आणतो. वाचक पुस्तक मिटून निवांत झोपतो. प्रकाशकाने छपाईसाठी हाच छापखाना धरला तेव्हा भाचीला आनंद झाला होता. "मावशी, माझं पुस्तक तुझ्या तोंडून जाणार," असं ती म्हणाली होती. बाईंनी त्या दिवशी सगळ्या छापखान्याला पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

पहिली तीन प्रकरणं बाईंनी नेहमीच्या सुरात वाचली. कानावर शब्द पडत होते, आत जात नव्हते. मंगळवारी सकाळी चौथं प्रकरण निघालं. भाचीचं अक्षर सुरेख, वळणदार. बाईंनीच तिला ते गिरवायला शिकवलं होतं.

"ही नायिका परिस्थितीची बळी नाही पूर्ण. बळीला अटी घालता येत नाहीत पूर्ण. तिने अटी घातल्या स्वल्प घर मागितले स्वल्प कागदावर सही घेतली पूर्ण."

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी कादंबरी तरुणपणी वाचली होती, कामासाठी नाही, मनासाठी, आणि मनासाठी वाचलेलं त्या विसरत नसत. कादंबरीत सही नव्हती. अटीही नव्हत्या. म्हातारा घर आपणहून देतो, वाढदिवसाला. मग ही सही या पोरीने कुठे पाहिली?

"बाई?" मास्तरांचं बोट प्रुफावर थांबलं होतं.

पण सवय दांडगी असते. त्यांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि वाचलं, "जी स्त्री आपली किंमत आधी ठरवते आणि मग रडते स्वल्प तिचे रडणेही त्या किमतीत धरलेले असते पूर्ण."

परिच्छेद तिथे संपत होता. खाली कोरी जागा होती आणि त्या कोऱ्या जागेवर पट्टी होती. बाईंना त्या कादंबरीतली आणखी एक ओळ आठवली. सातव्या प्रकरणात, अगदी जाता जाता, 'तिने धाकट्या भावांच्या शिक्षणासाठी काही पाठवले' असं आहे. पुढे ते भाऊ कादंबरीत पुन्हा येत नाहीत. ते शिकले का, मोठे झाले का, बहिणीचं घर जळलं तेव्हा कुठे होते, कोणालाच पत्ता नाही. भाचीच्या आतापर्यंतच्या पानांत ती ओळ कुठेच नव्हती. आणि बाईंच्या तोंडून, त्याच सपाट आवाजात, स्वल्पविरामासकट निघून गेलं:

"त्या पैशावर कोण कोण जेवले आणि शिकले स्वल्प हे मात्र कोणी विचारत नाही पूर्ण."

"थांबा," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे इथे नाहीच. जुळाऱ्याने अख्खं वाक्य गिळलंय. काय माणूस आहे! पुन्हा सांगा."

ही वेळ होती. पट्टी उचलायची आणि म्हणायचं, चुकले हो मास्तर, माझीच जीभ घसरली. मास्तर हसले असते आणि आठवडाभर चिडवलं असतं, त्यापलीकडे काही नाही. बाईंनी पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी गार होती. त्यांनी ती उचलली नाही. "त्या पैशावर कोण कोण जेवले आणि शिकले," त्यांनी सावकाश सांगितलं, आणि 'जेवले'च्या वेळी घाई करू नये म्हणून मास्तरांच्या लेखणीसाठी थांबल्यासुद्धा. पहिल्यांदा ते वाक्य निसटलं होतं. दुसऱ्यांदा बाईंनी ते घातलं.

दुरुस्त झालेलं प्रूफ आणि मूळ प्रत बुधवारी लेखिकेकडे गेली. त्याच दिवशी छापखान्याच्या मालकांनी जुळाऱ्याला आपल्या टेबलाशी बोलावून चारचौघांत झापलं. जुळारी मितभाषी माणूस, बोटं कायमची काळी, वीस वर्षं खिळे जुळवत होता. तो फडक्याला हात पुसत एकच गोष्ट सांगत राहिला, "मालक, प्रतीत असतं तर मी कशाला सोडेन? ओळी मोजून जुळवतो मी." मालक म्हणाले, मोजत असशील, पण वाचत नाहीस. बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

सांगायला विचित्र वाटेल, पण अकरा वर्षांच्या गुरुवारांनी बाईंची मान जेवढी खाली गेली नव्हती तेवढी त्या एका क्षणी गेली. गुरुवारी त्यांनी स्वतःचं काही दिलं होतं. इथे त्यांनी दुसऱ्याच्या कागदावर आपलं ठेवलं होतं आणि तिसऱ्याला शिव्या बसत होत्या. त्या आत गेल्या. "वाक्य प्रतीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी घातलं. यांची काही चूक नाही."

मालकांना आधी थट्टा वाटली. मग वाटली नाही. "लेखिका तुमची भाची आहे म्हणून आज गप्प बसतो," ते म्हणाले. "तिने तक्रार केली, तर बाई, ती खुर्ची मला रिकामी करून घ्यावी लागेल. उद्या कोर्टाचे निकाल येतात आपल्याकडे. त्यात तुम्ही काय घालाल?"

मास्तर हे ऐकत उभे होते. ते परत मागच्या खोलीत आले, आपली खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून बाईंच्या शेजारी आणून ठेवली. त्या दिवसापासून बाई वाचत आणि मास्तर शेजारून मूळ प्रतीत बघत. एका डोळ्याने प्रत, एका डोळ्याने प्रूफ. त्यांची मान दुखे, काम निम्म्याने होई. तीन दिवसांनी पट्टी उचलून बाई म्हणाल्या, "मास्तर, रागवा तरी."

"राग नाही हो," मास्तर म्हणाले. "सव्वीस वर्षं मला ते पान बघावंसं वाटलं नाही. आता वाटतं. मी काय करू?"

बाईंनी पट्टी ठेवली. त्यांना मास्तरांच्या रागापेक्षा ते जड गेलं.

रविवारी सकाळी भाची आली ती जेवायला नाही. पिशवी खाली न ठेवता तिने प्रुफाचं पान काढलं आणि खाटेवर ठेवलं. मास्तरांच्या लाल शाईतलं वाक्य समासात तिरकं चढलं होतं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"नाही."

"मास्तरांनी घातलं?"

"त्यांनी ऐकलं ते लिहिलं. मी घातलं."

भाचीने खिडकीकडे पाहिलं, मग मावशीकडे. "का पण? तुझं काम काय, तू केलंस काय!"

"ते कबूल आहे. त्याची शिक्षा मला तिकडे मिळते आहे. तक्रार करायची असेल तर कर, मी तुला अडवणार नाही." बाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी पानावर बोट ठेवलं, समासात नाही, मधल्या छापील ओळीवर. "मला एवढंच सांग, ही सही कुठली?"

"कुठली म्हणजे? कादंबरीतली."

"कादंबरीत सही नाही गं. तो घर वाढदिवसाला देतो. परत काढून बघ."

भाचीने ती ओळ पुन्हा वाचली. ती शिकवत होती ती कादंबरी, दरवर्षी. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती खुर्चीवर बसली तेव्हा कुठे पिशवी तिच्या हातातून खाली आली.

"कपाटात होता कागद," ती शेवटी म्हणाली. "खोल्यांचा. मी चौदा वर्षांची होते. वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, तुझे नवे बूट कागदवाल्यांनी घेतले ना? मी घरी येऊन कपाट उघडलं."

बाईंना ते चावणारे बूट आठवले. पोरीची काटकसर म्हणून त्यांनी ज्याचं गावभर कौतुक केलं होतं ते बूट. सोळा वर्षं त्या कप दोनदा विसळल्याच्या समाधानात होत्या आणि सोळा वर्षं ही पोरगी सगळं पोटात ठेवून समोर बसून जेवत होती. बाईंना रडू आलं नाही. आला तो संताप, आणि तो भाचीवर होता की स्वतःवर, ते त्यांना धड कळेना.

"सोळा वर्षं," त्या म्हणाल्या. "एका शब्दाने बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं मी? तू तरी कधी सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"लाज वाटत होती मला!" भाचीचा आवाज चिरकला. "तुझी लाज वाटत होती. रोज. आणि तू इतकी चांगली वागायचीस की मला भांडताही यायचं नाही. म्हणून... म्हणून तिच्यावर लिहिलं. तिला बोललं तर कोणाला लागत नाही असं वाटलं."

खाली गोदामात कोणीतरी कागदाचे गठ्ठे सरकवत होतं, त्याचा घासल्यासारखा आवाज वर येत होता.

"लाज मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "रोज नाही, मधूनच. भाजी चिरताना वाटते, जिना चढताना वाटते. पण तीच वेळ परत आली तर मी तेच करीन. फक्त या वेळी खोल्या तीन मागीन." हे शेवटचं त्या हसवायला बोलल्या होत्या. कोणी हसलं नाही. मग त्यांनी भाचीकडे सरळ पाहिलं, आणि जे त्यांना बोलायचं नव्हतं, जे त्या कुठल्याही शहाण्या दिवशी बोलल्या नसत्या, ते बोलल्या. "तू बूट सोडलेस, बाळा. फी नाही सोडलीस."

भाची उठली. तिने पान घडी न घालता पिशवीत कोंबलं, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. बाईंनी तिच्यासाठी टाकलेला भात तसाच राहिला. संध्याकाळी त्यांनी तो गार खाल्ला.

पुढचा रविवार आला, गेला. भाची आली नाही. त्याच्या पुढचाही गेला. छापखान्यात मालक रोज टपाल बघत आणि बाई मालकांकडे बघत नसत. तक्रार आली तर खुर्ची जाईल, हे होतंच. पण बाईंना भीती वेगळी होती. मुलगी लाल रेघ मारून ते वाक्य काढून टाकेल आणि त्यानंतर सभ्यपणे, नियमाने, रविवारी जेवायला येत राहील, ही ती भीती. भाजी छान झाली आहे म्हणेल. मरेपर्यंत दोघी जणी भाजीवर बोलतील.

तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. ते मालकांनी उघडलं, आतली चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि पानं जुळाऱ्याकडे दिली. जुळाऱ्याने दुरुस्त्या केल्या आणि नवं प्रूफ काढलं. शुक्रवारी दुपारी चौथ्या प्रकरणाचं ते पान पुन्हा टेबलावर आलं. प्रूफ मास्तरांपुढे, लेखिकेची प्रत बाईंपुढे. मालकांनी काही सांगितलं नव्हतं, आणि जुळाऱ्याला विचारायला बाईंचं तोंड नव्हतं.

मास्तर शेजारी बसणार म्हणून बाईंनी आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली. मास्तर उभे राहिले. त्यांनी बाईंच्या पुढ्यातल्या प्रतीकडे नजर टाकली असती तर त्यांना दिसलं असतं, पण त्यांनी टाकली नाही. त्यांनी आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि ती पूर्वीच्या जागी, समोर, ठेवली. "मान फार दुखते हो," ते म्हणाले. "वाचा."

बाईंनी पट्टी ठेवली. 'तिने अटी घातल्या'पासून 'सही घेतली'पर्यंत रेघ मारून भाचीने वर लिहिलं होतं, 'घर त्याने तिला आपणहून दिले.' बाईंनी ते वाचलं. 'रडणेही त्या किमतीत' हे वाक्य तसंच होतं, तेही वाचलं. पट्टी खाली सरकली. तिथे आधी कोरी जागा होती. आता तिथे वेगळ्या कागदाचा एक तुकडा चिकटवला होता आणि त्याच्यावर तेच सुरेख, वळणदार अक्षर होतं.

"त्या पैशावर कोण कोण जेवले आणि शिकले स्वल्प हे मात्र कोणी विचारत नाही पूर्ण," बाईंनी वाचलं. आवाज सपाट राहिला. मास्तरांचं बोट प्रुफावर पुढे सरकलं, म्हणजे ते तिथेही होतं.

बाईंना वाटलं, संपलं. त्यांनी पट्टी परिच्छेदाखाली घ्यायला सरकवली आणि तिच्याखालून आणखी एक ओळ निघाली.

"जेवलेल्यांनी आणि शिकलेल्यांनीही," बाईंनी वाचलं, आणि थांबल्या.

मास्तर वाट बघत राहिले. बाहेर यंत्र चालू होतं आणि जुळाऱ्याचे खिळे खणात पडत होते. बाईंचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. डोळे पुसायला हात वर नेला, आणि दुसरा हात पट्टीवर तसाच घट्ट ठेवला.

"बाई," मास्तर हळूच म्हणाले, "पट्टी उचला. बसा थोडं."

बाईंनी मान हलवली. "ते कधी सांगितले नाही," त्यांनी वाचलं. दीर्घाच्या टिचक्या त्या विसरल्या, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मग बराच वेळ गेला आणि त्या म्हणाल्या, "पूर्ण."

मास्तरांनी समासात काहीच लिहिलं नाही. सगळं बरोबर होतं.

"एवढंच आहे?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे बाईंनी पट्टी उचलली. खाली कोपऱ्यात, रेघेबाहेर, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, छापण्यासाठी नसलेलं: रविवारी येते. बूट घेऊन दे.

"एवढंच आहे," बाई म्हणाल्या.